बयनाची बारी

हंगाम संपला की वामनराव सर आपल्या सायकलवाल्यांना एकेकटं बोलावून चिंचेखाली बसवत. नार्नूरच्या शाळेत ते पीईटी, म्हणजे खेळाचे सर. शाळेत त्यांच्या वाट्याला कबड्डी आणि प्रार्थनेच्या रांगा, पण जीव सगळा सायकलीत. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. काय जमलं, काय चुकलं, पुढं काय. उत्तर तोंडी द्यायचं आणि त्यांच्याकडं पाहून द्यायचं.

रेणुका गेली ती चिमीला कडेवर घेऊन.

"आज लेकरूबी आणलं?" सरांनी विचारलं.

"घरी कोणी नाही, सर. आत्याबाई पऱ्हाटी उपटायले गेल्या."

जयवंताबाई, म्हणजे तिची सासू, घरीच होत्या. ओसरीत बसून तुरी पाखडत होत्या आणि पोरीला ठेवून जा, असं दोनदा म्हणाल्याही होत्या. पण चिमी कडेवर असली की माणसं कमी विचारतात, हे रेणुकाला आता ठाऊक झालं होतं. सव्वा वर्षाची पोर, डोळ्यांत काजळ, गालाला तीट, मुठीत आईच्या ओढणीचं टोक. तिच्याकडं पाहून कोण कठोर बोलणार?

"सांग, काय चुकलं?"

"चढावर लवकर उभी राहून जाते मी, सर. आन् पाणी कमी पेते."

"ते तर सारेच करते. म्या तुह्यं विचारून राह्यलो." सरांनी चष्मा काढला. "गणपतीत पहिली. दसऱ्याच्या आधीच्या निवडीत पहिली, साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात पहिली! आन् मंग काय झालं वं तुले? दिवाळीनंतर चौथी, संक्रांतीले सहावी, आन् शिवरात्रीले तू आली तवा बँडवाले जेवाले बसले होते."

रेणुकानं चिमीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "हिचे दात येऊन राह्यले, सर. झोपच होत नाही."

सर लगेच नरमले. "हाव, तेबी हाय. लेकराची माय हायेस तू." गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी चिमीच्या हातात दिली. चिमीनं ती तोंडात घातली आणि फुर्र करून हसली. तिचे पुढचे दात केव्हाचे आले होते. रात्री ती गाढ झोपायची, इतकी की रेणुकाच तिच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहायची.

सर शिट्टीकडं पाहून हसत होते. रेणुकानं मान खाली घालून चिमीची लाळ पुसली.

*

कोर्टानं शंकरपटांवर बंदी आणली, बैल पळायचे थांबले, तशी जत्रांची रया गेली होती. गर्दी टिकावी म्हणून कोणीतरी सायकलींच्या दौडीची टूम काढली. आधी पोरांची झाली. मग एका वर्षी गंमत म्हणून बायांची. लोक हसायला जमले होते. सलवारीचे पाय रबरानं बांधून रेणुका उतरली, आणि नऊवारीचा काचा मारून, नवऱ्याची मडगार्ड काढलेली सायकल घेऊन बयना उतरली. रस्त्याच्या कडेनं कोणीतरी ओरडलं, "अवो बाई, दळण घेऊन चालली का?" बयना न थांबता म्हणाली, "तुह्यं दळाले चालली!" त्या दिवशी तिनं कुकर जिंकला.

दोघींची गावं नाल्याच्या दोन अंगांना. रेणुकाचं अलीकडं, नार्नूर मंडलात, म्हणजे तालुक्यात. बयनाचं पलीकडं, जैनूर मंडलात. ओळख सावडीतली. आज तुझ्या वावरात मी कापूस वेचायचा, उद्या माझ्या वावरात तू यायचं. मजुरी नाही, उपकार नाही, हाताला हात. कित्येक हंगाम दोघी अशा वेचत आल्या होत्या. संध्याकाळी वावरातून सायकलीनं परतताना समोरून वारा आला की पुढची धापा टाकायची आणि तिच्या चाकाला चाक लावून येणारीला सोपं जायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. "माह्या आड ये," बयना म्हणायची, आणि थोड्या वेळानं, "आता तू हो पुढं, तुही बारी."

तीच सावड त्यांनी दौडीत आणली. अर्धा रस्ता वारा एकीनं कापायचा, अर्धा दुसरीनं. आणि जिंकायचंही बारीनं: या जत्रेत तू, पुढच्या जत्रेत मी. सर चिडायचे. "ही काय शर्यत झाली?" बयना म्हणायची, "सर, कापूस येचताना कोण पुढं कोण मागं, ते पाह्यते का कोणी? झोळी भरली म्हंजे झालं."

तान्ह्या पोळ्याला बयना पहिली आली. गणपतीत रेणुका. मग आली आदिलाबादची निवड, राज्याच्या स्पर्धेसाठी. बारी बयनाची होती.

साऱ्या जिल्ह्यातून बायांच्या दोन जागा. सर म्हणाले होते, दोघी याल, कोणी रोखत नाही. मावला गावाकडून हायवेवर जायचं, फिरायचं आणि परत यायचं. जाताना बयना पुढं होती. फिरताना रेणुकाची बारी आली, आणि तेव्हाच तिची छाती दाटली. चिमी तेव्हा बहुतेक अंगावरच पीत होती. पहाटेच्या बसच्या घाईत तिला नीट पाजणं झालं नव्हतं.

"बयना, थांब वं. छाती दाटली. पुढं नाही होत."

बयनाला एक मुलगा होता, शाळेत जाणारा. तिला ते दुखणं ठाऊक होतं. ती मागं वळूनही न पाहता म्हणाली, "राहू दे. मागंच राह्य तू."

थोड्याच वेळात कुडता ओला झाला, छाती मोकळी झाली. दुखणं गेलं. रेणुकाला पुढं जाता आलं असतं. आता जाते, त्या पुलापाशी जाते, असं ती मनात म्हणत राहिली. बयनाच्या पाठीआड ऊब होती, वारा नव्हता, पाय आपोआप फिरत होते. पूल गेला. पेट्रोल पंप गेला. स्टेडियमच्या फाटकाशी बयनाचे पाय भरून आले तेव्हा रेणुकाचे ताजे होते. कडेला उद्धव, तिचा नवरा, चिमीला खांद्यावर घेऊन ओरडत होता. ती पायडलवर उभी राहिली आणि बयनाच्या बाजूनं निघून गेली.

दोघी निवडल्या जाणारच होत्या ना. मग पहिलं-दुसरं काय, असं तिनं स्वतःला समजावलं. बयनानं ओठावरचा घाम पुसला आणि एवढंच म्हणाली, "मस्त मारली."

मग दसऱ्याला एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. होणार होणार हे ऐकून सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचा सायकलीशी काय संबंध, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. नाल्यावर आसिफाबाद जिल्ह्याचा बोर्ड लागला, बयनाचं गाव त्यात गेलं. नोटबंदी आली, राज्याची स्पर्धा उन्हाळ्यावर गेली, आणि दिवाळीनंतर संघटनेतून निरोप आला: जुन्या जिल्ह्याची जी पहिली आली तिची निवड कायम, बाकीच्यांनी आपापल्या नव्या जिल्ह्याकडं पाहावं. बयना सरांबरोबर विचारायला गेली तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "बहनजी, आपका तो जिला ही बदल गया. वहाँ पूछिए." आणि तिकडं तर विचारायला अजून संघटनाच उभी झाली नव्हती.

त्यानंतर बयना एकाही दौडीला उतरली नाही. रेणुकाला बोचलं ते वेगळंच. कापूस फुटला, वेचणी सुरू झाली, आणि नाल्यापलीकडून सावडीचा निरोप आला नाही. बयनाच्या वावरात दुसऱ्याच बाया वाकलेल्या दिसत होत्या.

*

"पुढचं सांगतो आता," चिंचेखाली सर म्हणत होते. "मे महिन्यात राज्याची स्पर्धा, हैदराबादले. पहिल्या पाचात यायचं. मनात धर."

"हाव, सर."

"आन् दुसरं. आसिफाबादवाल्यांची निवड उगादीनंतर हाय. एकच जागा. म्या बयनाले सांगून आलो. हाव म्हणते आन् बैल पाण्यावर नेते." त्यांनी शिट्टी चिमीच्या तोंडातून काढून सदऱ्याला पुसली. "तिले वारा कापाले कोणी नाही तिकडं. एकटी किती करन? तू सरावाले जाशील तर तुह्या पायालेबी बरं. पण ध्यानात ठेव, ती निवडून आली तर हैदराबादले तुह्याच समोर उभी राहीन."

चिमीनं शिट्टीसाठी भोकाड पसरलं आणि रेणुकाला उठायला निमित्त मिळालं. वाटेत तिच्या लक्षात आलं, हेही निमित्तच. हंगामभर आपण हेच केलं. चौथी आली तर लेकरू. बयनाकडं गेली नाही तर लेकरू. खरं बोलायचं टाळलं तर लेकरू. बयनाची पाठ गेली तेव्हापासून वारा अंगावर आला, आणि आपण या एवढ्याशा पोरीला पुढं धरून तिच्या आड चाललोय.

चिमी तिच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घरी ठेवून निघाली.

"आज नाही नेत?" जयवंताबाईंनी विचारलं.

"नाही. आज एकटीच जाते."

बयना पऱ्हाटी, कापूस वेचून झालेली झाडं, उपटत होती. लोखंडी चिमट्यात झाडाचं बूड धरायचं, अंग मागं टाकायचं, मुळासकट ओढायचं. रेणुका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहिली तरी तिनं दोन झाडं काढली, मग वर पाहिलं.

"कोण? पहिल्या नंबरवाल्या बाई? या. खुर्ची नाही आमच्या जिल्ह्यात, खालीच बसा."

रेणुका बसली नाही. "बयना, निवडीच्या दिवशी माही छाती पुलाच्या आधीच मोकळी झाली होती."

"माहीत हाय."

"कसं?"

"तू मागं होती माह्या. तुहा दम आयकू येत होता. दुखणारी बाई असा दम घेते का? तू तर जेवून झोपल्यासारखी येऊन राह्यली होती."

रेणुकाचे कान तापले. "मंग तवाच बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? लेकराच्या दुधाचं नाव घेतलं तू. त्याच्यावर कोणी बोलते का वं?" बयनानं चिमटा पुढच्या झाडाला लावला. "तेच लागलं मले. पुढं गेली ते नाही लागलं. जाणार होती तर सांगून जाती. चार शिव्या दिल्या असत्या, झालं असतं."

झाड मुळासकट बाहेर आलं. मग रेणुकानं वाटभर घोकलेलं बोलून टाकलं. "म्या हैदराबादले नाही जात. सरांले सांगते. नाव काढून घेते माह्यं."

बयना थांबली. "मंग ती जागा मले देतेत का?"

"नाही. पण..."

"मंग मले काय त्याचं? तुह्यं वावर पडीक ठेवलं तर माह्यं निंदून होते का?" आता ती खरंच चिडली होती, निवडीच्या दिवशीसुद्धा तिचा आवाज असा चढला नव्हता. "तुले वाईट वाटून राह्यलं, म्हणून तू घरी बसशील. लोक म्हणतीन, काय मन हाय पोरीचं. आन् मी? सावड अशी फिटते का कुठं? जितकं मी तुह्या वावरात वाकली तितकं तू माह्या वावरात वाकाचं. हातानं. मनानं नाही."

"मंग सांग ना, काय करू?"

"उद्या ये. पहाटं, नाल्यावर. घाटाच्या माथ्यापर्यंत आन् वापस. पुढं तू. साऱ्या रस्त्यानं तूच. निवडीपर्यंत."

"आन् तू?"

"मी मागं. हे धर." तिनं चिमटा रेणुकाच्या हातात दिला. "आली हायेस तर ही ओळ काढून जाय. बसून कोणाले भेटते का कोणी पऱ्हाटीच्या दिवसांत?"

*

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली वाकलेली असत, आणि घाटात तो गोड, आंबूस वास भरून राहिलेला असे. रेणुका पुढं, बयना मागं. घाटावरून खाली येणारा वारा थेट छातीवर. पहिल्याच दिवशी माथ्यावर पोचेपर्यंत रेणुकाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागून शब्द नाही. थांब नाही, हळू नाही, शाब्बास तर नाहीच. फक्त साखळीची किरकिर आणि एक सारखा, सावकाश दम. निवडीच्या दिवशी आपला दम बयनाला असाच ऐकू येत असणार. आणि तरीही ती ओढत राहिली, हे रेणुकाला प्रत्येक चढावर नव्यानं कळत होतं.

घरी त्याची किंमत चिमी देत होती. रेणुका निघायची तेव्हा पोर गोधडीत ऊबदार, तोंड अर्धवट उघडं. पहाटेचं पाजणं बंद झालं. पहिले काही दिवस चिमी उठून तिला शोधायची. दार, मोरी, सायकलीची रिकामी जागा. मग शोधायची थांबली. एकदा रेणुका घामाघूम परत आली, तिनं हात पुढं केले, तर चिमी जयवंताबाईंच्या मानेत तोंड खुपसून तिच्याकडं पाहुण्यासारखी पाहत राहिली.

"घामाचा वास येते," सासूबाई सावरून घेत म्हणाल्या. "आंघोळ कर, मंग येईन." थोड्या वेळानं भाकरी थापता थापता मात्र बोलल्याच, "हैदराबादसाठी करत असती तर आमी समजलो असतो. तू आसिफाबादची सून झाली का वं?"

उद्धव भला माणूस. पहाटे चुलीवर चहा ठेवायचा, चाकात हवा पाहायचा. "एकीचं फेडाले दुसरीकडून उसनं घेऊन राह्यली तू," असं तो एकदाच म्हणाला, तेही चिमीच्या पायात पैंजण घालता घालता, खाली मान घालून. त्यात खोटं काही नव्हतं. चिमी मोठी झाल्यावर तिला हे आठवणार नाही, अशी रेणुका मनाची समजूत घालायची. मग तेच अधिक वाईट वाटायचं. ज्याची आठवण राहणार नाही ते तिच्याकडून काढून घेणं सोपं होतं.

उगादीला आठवडा राहिला होता. त्या पहाटे रेणुका उठली आणि चिमीच्या अंगाला हात लागला, तर अंग तव्यासारखं.

तिनं ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. जयवंताबाई उठून बसल्या. "जाय तू, म्या हाव ना," म्हणाल्या. रेणुकानं सायकल अंगणात काढलीसुद्धा. आतून चिमी रडली. मोठ्यानं नाही, आजारी लेकरं रडतात तसं, कुणाला उद्देशून नसलेलं. रेणुकानं सायकल भिंतीला लावली.

आता बयनाला कळवायचं. उद्धवचा फोन हातात घेऊन ती चुलीपाशी उभी राहिली. चिमीला ताप आहे, एवढं सांगायचं होतं. वाक्य साधं होतं आणि खरं होतं. पण हेच वाक्य, थोडं इकडं थोडं तिकडं करून, तिनं हंगामभर वापरलं होतं. बयनाच्या कानात आता ते कसं जाईल? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते बोलताना तिचं स्वतःचं मन म्हणालं असतं, घे, धरलं पुन्हा लेकराला पुढं.

"आज नाही येत मी," ती म्हणाली.

"काऊन?"

रेणुकानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"रेणुका, काऊन?"

"नाही येत. बस."

पलीकडून फोन कापला गेला.

ऊन अंगणात आलं तेव्हा बयना दारात उभी होती. सायकल तशीच आडवी टाकलेली, पदर कमरेला. "कुठं हाय ती?" असं तिनं उद्धवला विचारलं त्या सुरात भांडणच होतं. उद्धवनं आत बोट दाखवलं.

रेणुका भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर चिमी, कपाळावर पट्टी. बयना उंबऱ्यातच थांबली. मग खाली बसून तिनं हाताची मागची बाजू चिमीच्या गळ्याला लावली.

"अवो माय. कधीपासून?"

"पहाटंपासून. नार्नूरच्या डॉक्टरले उठवून दाखवलं. औषध देल्लं."

"हे काऊन नाही सांगतलं फोनवर?"

"सांगतलं असतं तर खरं मानलं असतं का तू?"

बयनानं विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "नसतं मानलं," ती म्हणाली.

चिमीनं तापानं जड झालेले डोळे उघडले, या नव्या बाईच्या बांगड्या पाहिल्या आणि एक बोट लावून पाहिलं.

"दे इकडं," बयना म्हणाली. "तू भाकर खाऊन घे. तोंड पाह्य कसं झालं." मग पोरीला मांडीवर घेताना, कोणालाच न सांगितल्यासारखं बोलली, "तीन बारी शिव्या देत आली मी रस्त्यानं. मोहवाले पाहून राह्यले होते माह्याकडं."

रेणुकाला हसू आलं आणि ते मध्येच फाटलं. भाकर हातात घेऊन ती बराच वेळ रडली. बयनानं तिला रडू दिलं.

*

ताप उतरायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत बयना एकटीच घाटात जात होती. निवडीच्या तोंडावरचे ते दिवस भरून काढायला वेळ नव्हता.

निवडीला आसिफाबादेत चारही बाजूंनी बाया आल्या. रेणुकाला उतरता येत नव्हतं; तिचा जिल्हा दुसरा. ती चिमीला घेऊन शेवटच्या चढाशी कडेला उभी राहिली. सर हातात पाण्याची बाटली घेऊन दहा पावलं पुढं.

बयना दिसली तेव्हा ती पहिली होती. चढाच्या मध्यावर वारा आडवा आला, बयनाची सायकल किंचित डुलली, आणि तिच्या आडून कागजनगरकडची एक सडपातळ पोरगी निघाली. रस्ताभर ती बयनाच्या मागं बसून आली होती. बयना पायडलवर उभी राहिली, दात ओठांत रुतवून. एका चाकाचं अंतर होतं. ते तसंच राहिलं.

दुसरी. आणि जागा एकच.

सगळं आटोपल्यावर बयना झाडाखाली पाय पसरून बसली होती, तोंडावर पाणी मारत. रेणुका तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तोंडातून नको तेच निघालं. "ते दिवस गेले नसते... मी आली असती तर..."

"तर काय?" बयना म्हणाली. "ती पोट्टी हुशार हाय. मागं बसली, शेवटी निघाली. तुह्यासारखी. पण तिनं काही सांगतलं नव्हतं मले, तिच्यावर राग कायचा?" तिनं हात पुढं केले आणि चिमी तिच्याकडं गेली. "आयक. हैदराबादले जाय आन् नीट पळ. रडत पळू नको. माह्यासाठीबी पळू नको, मले तिथचं काही नाही पाह्यजे. पण पोळ्याले जैनूरच्या दौडीत बारी माही हाय. तिथं जिल्हा कोणी विचारत नाही."

"हाव," रेणुका म्हणाली.

"आन् कापूस फुटला का ये. बाया नीट नाही भेटल्या औंदा. अर्धी बोंडं झाडावरच ठेवत होत्या."

संध्याकाळच्या बसनं सगळे निघाले. सायकली टपावर दोरीनं बांधलेल्या. बयना पुढच्या सीटवर खिडकीशी, डोकं गजाला टेकून. मागच्या सीटवर रेणुका, मांडीवर चिमी, बाजूला सर. बाहेर सागाची पानगळ झालेली रानं मागं जात होती. रेणुकाला तो आडवा वारा दिसत होता, बयनाची डुललेली सायकल दिसत होती. माफी मिळाली होती की काम, हे तिला नीट कळलं नव्हतं. छातीतलं ओझं होतं तिथंच होतं, फक्त आता ते कोणाचं आहे ते दोघींना ठाऊक होतं.

सरांना मात्र राहवेना. "बरं, तुह्यं पक्कं सांग आता. हैदराबाद?"

"पहिल्या पाचात, सर."

"शाब्बास. आन् त्याच्या पुढं? नवा हंगाम पोळ्यापासूनच लागते. काय ठरवलं?"

"पोळ्याले दुसरी येईन."

सरांना वाटलं बसच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. "दुसरी?"

"हाव, सर. साऱ्या रस्त्यानं पुढं राहून, शेवटी दुसरी."

"अवं, असं कोणी ठरवते का? दुसरी यायचं!" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्या इतकी वर्षं शिकवून राह्यलो तुमाले..."

पुढच्या सीटवरून, मागं न वळता, बयना म्हणाली, "ठरवू द्या, सर. तिले तेबी जमते का, पाहू."